एकोणीस मतांतलं एक

पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसानं जिन्यात कुणाच्या समोर येऊ नये, या निष्कर्षाला काटेसाहेब अलीकडेच आले होते. पण सात महिन्यांपासून इमारतीत लिफ्ट नव्हती, त्यामुळे सगळी इमारत सदानकदा जिन्यातच असायची. कुणी चढतंय, कुणी उतरतंय, कुणी मधल्या वळणावर कठड्याला धरून आपलं काळीज जागेवर आहे का ते चाचपतंय. आणि त्यातल्या प्रत्येकाला, कितीही दम लागलेला असला, तरी काटेसाहेबांना एक वाक्य ऐकवण्यापुरता श्वास कुठून तरी मिळायचाच.

"काय काटेसाहेब, वाया नाही ना गेलं?"

आता हे वाक्य मूळचं काटेसाहेबांचंच. ते त्यांच्या तोंडून कसं निघालं हे सांगायचं, तर आधी निवडणूक सांगायला हवी. (काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. बत्तीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजूचे काटे तपासत फिरले, म्हणून काटेसाहेब. खरं आडनाव आता फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक.)

इमारतीत सदतीस मतं. सहा मजले, मजल्यावर सहा बिऱ्हाडं, आणि तळमजल्यावर शिंपीदादांचं दुकान आणि त्यामागंच त्यांचं घर. प्रत्येक घराला एक मत. अकरा वर्षं अध्यक्ष एकच होते. त्यांना सगळे 'बघू' म्हणत, कारण नळ गळो, गच्ची गळो, नाहीतर कठडा निखळो, त्यांचं उत्तर ठरलेलं. "बघू." आणि माणूस शब्दाला पक्का. खरंच येऊन, चष्मा पुसून, पाच-दहा मिनिटं नीट बघायचे आणि घरी जायचे. त्यांच्या काळात लिफ्ट होती. आठवड्यातून दोनदा ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबायची, मग आतल्या माणसानं एक उडी मारली की पुन्हा चालायची. उडी किती जोरात मारायची ते ज्याला त्याला सवयीनं माहीत झालं होतं.

बघूंच्या विरोधात उभे राहिले ते 'लगेच'. दुसऱ्या मजल्यावर राहणारे, लोकांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवून देण्याचा धंदा करणारे, हसतमुख गृहस्थ. "करून टाकू की लगेच!" हे त्यांचं पालुपद. ते घरोघर हिंडले. प्रत्येकाला नव्या लिफ्टचं रंगीत चित्र दाखवलं. तिला आतून आरसा होता, पंखा होता, आणि कितवा मजला आला ते सांगणारा बाईचा आवाज होता. काटेसाहेबांनी चित्र बराच वेळ पाहिलं. वजनमापे खात्यातल्या माणसाला आरशाचं कौतुक नसतं, पण लिफ्टच्या कोपऱ्यात 'कमाल भार' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं त्यांना फार आवडलं.

मतदान झालं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मोजणी अर्थातच काटेसाहेबांकडे, कारण इमारतीत त्यांच्याइतकं काटेकोर कुणी नव्हतं. ते एकेक चिठ्ठी उघडून नाव वाचत गेले. दोघांचे अठरा-अठरा झाले आणि डब्यात एकच चिठ्ठी उरली. ती चिठ्ठी बाकीच्यांसारखी कशीबशी दुमडलेली नव्हती. तिच्या बरोब्बर आठ घड्या होत्या, कडेला कड लावून घातलेल्या. अशा घड्या जगात एकच माणूस घालतो हे काटेसाहेबांना उघडायच्या आधीच कळलं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. मतदानाचं वय झाल्यापासून काटेसाहेबांनी एकही मतदान चुकवलेलं नव्हतं, आणि त्यांनी मत दिलेला एकही उमेदवार आजवर निवडून आलेला नव्हता. एकही नाही. एकदा तर त्यांनी मत दिलेल्या माणसानं आदल्या दिवशीच माघार घेतली होती आणि ते कुणी काटेसाहेबांना सांगितलं नव्हतं. त्यामुळे ती आठ घड्यांची चिठ्ठी उघडता उघडता सगळ्या इमारतीसमोर ते ओरडले,

"अहो, ही तर माझीच! आयुष्यात पहिल्यांदा माझं मत वाया गेलं नाही!"

झालं. गुप्त मतदानाचा बोऱ्या वाजला.

लगेच निवडून आले आणि त्यांनी दिलेला शब्द पाळला. आठच दिवसांत जुनी लिफ्ट काढून टाकली. लगेच! नवी यायची होती, ती कुठल्याशा बंदरात अडकली. मग ती तिथून सुटली, पण तिचा अर्धा भाग दुसऱ्या बंदरात गेला. मग पत्र आलं की इमारतीकडे नव्या लिफ्टचा परवाना नाही, तो आणल्याशिवाय एक खिळाही ठोकला जाणार नाही. लिफ्टच्या जागी उरला एक सरळसोट काळा खड्डा, त्याला आडवी फळी, आणि फळीवर लगेच यांनी स्वतःच्या हातानं लावलेली पाटी: 'काम चालू आहे'.

यानंतर एक चमत्कार झाला. इमारतीत कुणालाही विचारा, लगेचना मत दिलंय असं कुणीच नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी दिलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या विमावाल्या बाईंनी तर "माझा त्यांच्यावर पहिल्यापासून विश्वास नव्हता" असं सांगितलं. खरं म्हणजे लगेच यांच्या विजयाचे पेढे पहिल्यांदा याच बाईंनी मागितले होते. जिन्यात हिशेब केला तर लगेचना पडलेलं मत एकच भरायचं, आणि ते कुणाचं ते सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलेलं.

काटेसाहेबांनी समजावून पाहिलं. "हे बघा, तराजूत शेवटी टाकलेला दाणा आधीच्या दाण्यांपेक्षा जड नसतो. काटा सगळ्यांच्या वजनानं झुकतो."

"पण तो तुमच्या दाण्यानं झुकला," डॉक्टर म्हणाले आणि पिशवी उचलून वर निघाले.

घरीही तीच तऱ्हा. बायको, म्हणजे इमारतीच्या वहिनी, पाण्याचा कॅन पाचव्या मजल्यावर आणून खाली ठेवायच्या, कमरेवर हात ठेवायच्या, आणि काही म्हणजे काही बोलायच्या नाहीत. छत्तीस वर्षांच्या संसारात काटेसाहेबांना एवढं लागलेलं दुसरं काही नव्हतं.

पण हे सगळं त्यांनी सोसलं असतं. माणूस टोमण्यांना सरावतो. सोसवत नव्हता तो डोक्यावरचा आवाज.

काटेसाहेबांच्या बरोबर वर, सहाव्या मजल्यावर, सिस्टर राहायच्या. सरकारी दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होत्या, आता एकट्या. इमारतीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली, त्यामुळे त्या सगळ्यांना अरे-तुरे करायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं. घरात काठी टेकत चालता यायचं, जिना मात्र एक पायरीही जमायचा नाही. काही हवं असलं की त्या काठीनं जमिनीवर दोनदा ठोकायच्या आणि काटेसाहेब वर जायचे. जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचे. कारण सिस्टरांचा एक डोळा कधीच गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता.

ऑपरेशनची तारीख दोनदा चुकली होती. दोन्ही वेळा सिस्टर म्हणाल्या होत्या, लिफ्ट येईलच की. तिसरी तारीख होती एकवीस. दवाखान्यातून फोन आला तो काटेसाहेबांनीच घेतला होता. या वेळी आला नाहीत तर यादीत थेट शेवटी, म्हणजे आठ महिने, आणि आठ महिन्यांनी त्या डोळ्यात काही उरेल याची खात्री नाही.

"काय म्हणाले रे?" सिस्टरांनी विचारलं होतं.

"एकवीस तारखेला बोलावलंय," काटेसाहेब म्हणाले. पुढचं त्यांना सांगवलं नाही.

"मग आणतोस ना लिफ्ट तोपर्यंत?"

त्या चेष्टेत म्हणाल्या. पण त्या दिवशी काटेसाहेबांना जेवण गेलं नाही. मत माझं, असं ते मनात म्हणाले, आणि डोळा यांचा जायचा. त्यांनी ठरवलं की एकवीसच्या आत परवाना आणायचा. हाताशी तीन आठवडे होते, आणि काम काय, तर एक कागद! तो कागद कसला, तर सरकारी. आणि सरकारी कागद म्हटला तर ते स्वतः बत्तीस वर्षं देत आले होते.

लिफ्ट तपासणी कार्यालयात चार नंबरच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"जुनी लिफ्ट कुठाय?"

"काढली."

"आमची तपासणी न होता? अहो, जुनी बंद झाल्याचा दाखला लागतो. तो आमचे निरीक्षक जुनी लिफ्ट जागेवर बघून देतात."

"जागेवर नाहीये ती. कदाचित तिचे आता खिळे झाले असतील."

"मग जागेवर आणा. ते बघतील. मग काढा."

 हे वाक्य काटेसाहेबांच्या ओळखीचं होतं. वीसेक वर्षांपूर्वी एका भाजीवाल्याचा तराजू गाडीखाली येऊन चेपला होता. तो जुनं प्रमाणपत्र रद्द करायला आला तेव्हा, "आधी तराजू दुरुस्त करून आणा, मग तो मोडलाय का ते तपासतो," असं त्याला एका निरीक्षकानं सांगितलं होतं. तो निरीक्षक आता खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा होता.

"काही दुसरा मार्ग?" त्यांनी विचारलं. त्या भाजीवाल्यानंही याच आवाजात विचारलं होतं.

बाईंना दया आली असावी. म्हणाल्या, "निरीक्षक येऊन वरची यंत्राची खोली रिकामी आहे हे बघतील आणि तसं लिहून देतील. गच्चीवर असते ना ती?"

"हो! सहाव्या मजल्याच्या वर."

"मग अडचण आहे. आमच्या माणसांना चौथ्या मजल्याच्या वर जिन्यानं पाठवता येत नाही. नियम आहे. तुमच्याकडे लिफ्ट लागेल."

काटेसाहेब खाली बसले. बाईंनी एक फॉर्म पुढं सरकवला, तक्रारीचा. त्यात एक रकाना होता, 'अर्जदाराचा या लिफ्टशी संबंध'. काटेसाहेबांनी बराच विचार केला. ते मालक नव्हते, अध्यक्ष नव्हते, ठेकेदार नव्हते. शेवटी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मतदार'.

बाईंनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही निवडून दिलं होय त्यांना?" मग शिक्का मारला. उत्तर पंचेचाळीस दिवसांत यायचं होतं.

परतल्यावर तळमजल्यावर शिंपीदादा मशीनवर बसलेले. "मिळाला कागद?" त्यांनी विचारलं. काटेसाहेबांनी नाही म्हणून मान हलवली. "आपण तर बाबा विरोधात मत दिलं होतं," शिंपीदादा म्हणाले, "आणि आपल्याला लिफ्टचं कामही नाही. आपला जीव सुखात." इमारतीत ही एवढीच एक गोष्ट खरी असावी. त्यांना खोटं बोलायचं काही कारणच नव्हतं.

लिफ्ट येत नाही तर सिस्टरांना उचलून न्यायचं, असं मग ठरलं. म्हणजे काटेसाहेबांनी ठरवलं, आणि सल्ले इमारतीनं दिले. डॉक्टर म्हणाले, पाठीवर घ्या. विमावाल्या बाई म्हणाल्या, उचला पण आधी उचलणाऱ्यांचा विमा उतरवा, फॉर्म माझ्याकडे आहेत. बघू येऊन, चष्मा पुसून, सहाव्या मजल्यापासून तळापर्यंत सगळा जिना बघून गेले. "माझ्या वेळी लिफ्ट होती," असं म्हणाले, आणि ते खोटं म्हणता येत नव्हतं. लगेच मात्र दिसेनात. काटेसाहेबांच्या पावलांचा आवाज आला की दुसऱ्या मजल्यावरचं एक दार हळूच लागायचं.

शेवटी डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातली हातांची जुनी खुर्ची दिली. काटेसाहेबांनी चार जण गोळा केले आणि सांगितलं की आधी रंगीत तालीम होईल. भार तपासल्याशिवाय प्रत्यक्ष माणूस बसवायचा नाही, हा खात्याचा नियम. आता भार म्हणून काय ठेवायचं? सिस्टरांचं वजन बावन्न किलो. काटेसाहेबांचं चौसष्ट. "म्हणजे वर बारा किलो सुरक्षेसाठी," असं म्हणून ते स्वतःच खुर्चीत बसले. दोरीनं त्यांना खुर्चीला बांधण्यात आलं.

सहाव्यावरून पाचव्यापर्यंत सगळं ठीक झालं. वहिनींनी दार उघडून आपल्या नवऱ्याला हवेतून जाताना पाहिलं आणि दार लावून घेतलं. पाचव्या आणि चौथ्याच्या मधल्या वळणावर खुर्ची वळेना. एक जण म्हणाला उचला, दुसरा म्हणाला टेकवा, आणि त्यांनी आपापलं म्हणणं खरं केलं. खुर्ची तिरपी झाली, दोरी सरकली, आणि काटेसाहेबांचा डावा पाय कठड्याच्या दोन सळयांमधून पलीकडे गेला आणि तिथंच राहिला. त्यांना दोरीतून सोडवायला दहा मिनिटं लागली, सळयांतून सोडवायला पाऊण तास. तेवढ्या वेळात वर जाणारे चौदा जण त्यांच्यावरून ओलांडून गेले. त्यातल्या अकरा जणांनी ते वाक्य म्हटलं. तिघांना फारच दम लागला होता.

घोटा मुरगळला. डॉक्टरांनी (दातांच्याच) तो बघितला आणि आठवडाभर जिना उतरायचा नाही असं सांगितलं. आता सहाव्या मजल्यावर एक आणि पाचव्या मजल्यावर एक, अशी दोन माणसं अडकली. वरून काठी ठोकल्याचा आवाज यायचा आणि काटेसाहेब पलंगावर पडल्या पडल्या छताकडे बघायचे. आयुष्यात एवढे थकले नव्हते ते. निवृत्तीच्या दिवशीही नाही.

एकोणीस तारखेला इमारतीनं सभा बोलावली. विषय एकच: लगेच यांना काढणे. बघू पुन्हा उभे राहायला तयार होते, म्हणजे त्यांनी तसं स्पष्ट म्हटलं नव्हतं, "बघू" म्हणाले होते. पण घटनेप्रमाणे मत सभेला हजर राहून द्यावं लागे, आणि दोन मतदार तर खाली येऊ शकत नव्हते. तेव्हा सभाच वर आली. पाचव्या ते सहाव्या मजल्याच्या जिन्यावर लोक पायरीपायरीला बसले, उरलेले खाली चौथ्यापर्यंत. काटेसाहेब आपल्या दारात, पाय स्टुलावर. सिस्टर अगदी वर, शेवटच्या पायरीशी खुर्ची टाकून. लगेच मधल्या वळणावर, खाली मान घालून. झाडून सगळे आले होते. शिंपीदादाही आले होते, सात महिन्यांत पहिल्यांदा जिना चढून.

बोलायला एकेक जण उठला. पाणी, पिशव्या, गुडघे, कंबर, एका सुनेचं बाळंतपण. खरंच सगळ्यांचे हाल झाले होते. प्रत्येकाचं बोलणं मात्र एकाच वाक्यावर संपायचं, की आम्ही तर यांना मत दिलंच नव्हतं.

शेवटी लगेच यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा सात महिन्यांत उतरून गेला होता. "मला काढा," ते म्हणाले. "चुकलंच माझं. परवाना विचारायला हवा होता. पण एक सांगा. मला एकोणीस मतं पडली. एक माझं स्वतःचं. एक काटेसाहेबांचं. बाकीची सतरा कुठून आली?"

 खालच्या पायरीवर कुणीतरी खोकलं.

"माझंच मत मोजा," काटेसाहेब थकून म्हणाले. "मी दिलं. उगाच नाकारत नाही. चित्रात 'कमाल भार' नीट लिहिला होता म्हणून दिलं. संपवा आता."

तेवढ्यात वरून काठी वाजली. दोनदा.

"माझं पण," सिस्टर म्हणाल्या.

सगळ्यांनी वर पाहिलं.

"असे काय बघताय? मी दिलं त्याला मत. माझ्या घरी येऊन त्यानं विचारलं, सिस्टर, तुम्हाला काय हवं? म्हटलं, उडी न मारता चालणारी लिफ्ट हवी. तुमच्या त्या जुन्या लिफ्टमध्ये मी दोनदा अडकले होते रे. मला उडी मारता येत नाही. तासभर आत उभी होते, काठीवर. तेव्हा तुमच्यातल्या कुणी विचारलं होतं का?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सुई टोचायच्या आधी असायचा तसा झाला होता. "याला काढा नाहीतर ठेवा, मला काही पडलेलं नाही. परवा एकवीस तारीख आहे. हा डोळा गेला तर मला अंधार होईल, तुम्हाला होणार नाही. ज्यांनी मत दिलंय त्यांनी मला उचलायचं. मला उचलता येणार नाही म्हणून मी बसते. बाकीच्यांनी घरी जा."

कुणी घरी गेलं नाही. पण कुणी हातही वर केला नाही, बराच वेळ. मग काटेसाहेबांच्या मागून एक हात वर झाला. वहिनींचा.

"अगं, आपलं घराचं एकच मत," काटेसाहेब म्हणाले.

"ते तुम्ही टाकलंत. पण दोन दिवस ठरत नव्हतं तुमचं, आणि 'द्या हो त्या लगेचला' असं मीच म्हटलं होतं." वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणि सात महिने मी गप्प बसले."

 काटेसाहेबांनी दोघांचं मिळून एक मत धरलं.

मग डॉक्टरांनी हात वर केला, जरा कानापर्यंतच, जणू कान खाजवायचा होता. त्यांच्या मागोमाग विमावाल्या बाई. मग खालच्या पायऱ्यांवरून एक, आणखी एक, वळणापलीकडून दोन. काटेसाहेब सवयीनं मोजत होते. पंधरा. सतरा. लगेच धरून अठरा. तिथं थांबलं.

"एक कमी आहे," काटेसाहेब म्हणाले. त्यांच्या मोजणीत कधी चूक होत नसे.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चौथ्या मजल्याच्या कठड्याशी बघू उभे होते. ते चष्मा पुसत होते. पुसून झाला, तरी पुसत राहिले.

"अकरा वर्षं झाली होती हो," ते शेवटी म्हणाले. "रोज कुणी ना कुणी दार वाजवायचं. थकलो होतो मी. म्हटलं, करू दे याला. म्हणून मीच..." आणि त्यांनी हात वर केला.

कुणी हसलं नाही. हसायला त्राणच नव्हतं कुणात. लगेच यांना काढायचा ठराव त्या दिवशी मतालाच आला नाही. कुणाच्या लक्षात राहिला नाही. काटेसाहेबांनी वहीचा कागद मागवला, त्यावर एकोणीस नावं लिहिली, चौघाचौघांच्या पाळ्या लावल्या, वळणावर कुणी बदलायचं ते लिहिलं, आणि कागद खाली फलकावर लावायला दिला.

एकवीसला सकाळी साडेसातला सिस्टर निघाल्या. नीट केस विंचरून, पर्स मांडीवर. काटेसाहेब एका पायावर लंगडत मागून येत होते, कठडा धरून, पायऱ्या मोजत. त्यांना उचलता येत नव्हतं आणि त्याची त्यांना मनातून लाज वाटत होती. खुर्चीचा एक कोपरा लगेच यांच्याकडे, एक बघूंकडे. चौथ्या मजल्याच्या वळणावर लगेच म्हणाले, "थांबा, जरा बघू, खुर्ची कशी वळते ते." बघू म्हणाले, "बघायचं काय त्यात, वळवा लगेच." आणि वळली.

तिसऱ्यावर मात्र बघूंचा श्वास भरला. ते पांढरे पडले. पाळीतला पुढचा माणूस पुढच्या वळणावर, आणि खुर्ची तिथं हवेत. "टेकवा, टेकवा," कुणीतरी ओरडलं, आणि काटेसाहेबांनी तो शब्द मागच्या वेळचा ओळखून डोळे मिटले.

"टेकवू नका. सरका."

शिंपीदादा खालून येत होते. त्यांच्या खांद्यावर जाड कापडाचे चार पट्टे होते, आत कापूस भरून दुहेरी शिवलेले. त्यांनी बघूंना बाजूला केलं, कोपरा धरला, आणि एकेक पट्टा प्रत्येकाच्या खांद्यावर अडकवला. खुर्ची एकदम सरळ झाली.

"अहो, पण तुम्ही तर विरोधात मत दिलं होतंत," काटेसाहेब म्हणाले.

"दिलं होतं," शिंपीदादा म्हणाले. "म्हणून काय मला दुसरा अध्यक्ष दिलाय? चला, पायऱ्या मोजा तुम्ही."

त्या दिवशी सिस्टर खाली गेल्या, आणि दुपारी पट्टी बांधून परत आल्या, म्हणजे त्यांना वर न्यावं लागलं. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. उतरवण्यापेक्षा चढवणं दुप्पट. चार दिवस इमारतीत एकही माणूस सरळ चालत नव्हता.

आठव्या दिवशी डोळा तपासायला पुन्हा खाली, पुन्हा वर. डॉक्टरांनी (डोळ्यांच्या) पट्टी काढून दिली. सिस्टर परतल्या तेव्हा फलकापाशी क्षणभर खुर्ची थांबवा म्हणाल्या. त्या पुढं वाकल्या. सात महिन्यांत पहिल्यांदा त्या स्वतःच्या डोळ्यानं काही वाचत होत्या. काटेसाहेबांची यादी. एकेका नावावरून बोट सावकाश खाली सरकत गेलं. 

"काटे," त्या म्हणाल्या, "ही वीस नावं आहेत."

"हो. विसावं शिंपीदादांचं. त्यांनी स्वतःच लिहिलंय."

"अक्षर वाईट आहे," सिस्टर म्हणाल्या आणि मागं टेकल्या. "पण दिसलं."

 काटेसाहेबांनी घोटा टेकवून पाहिला. दुखत होता, पण टेकत होता. त्यांनी लगेच यांच्या खांद्यावरून पट्टा काढून आपल्या खांद्यावर घेतला. वर एकशे वीस पायऱ्या होत्या, लिफ्ट अजून बंदरात होती, आणि पुढची तपासणी महिन्यानं.

"वजन जास्त वाटतंय का रे?" सिस्टरांनी विचारलं.

काटेसाहेबांनी खुर्ची उचलली. बत्तीस वर्षांच्या सवयीनं अंदाज घेतला.

"चौथा हिस्सा आहे," ते म्हणाले. "झेपेल. उचला रे."